दोघांच्या मापाचं काम

सासूने सुनेबद्दल बोलायला तोंड उघडलं की ऐकणारे लगेच खुर्ची पुढे ओढून बसतात. त्यांना काय ऐकायचं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते इथे मिळणार नाही. आमची भांडणं होतात, रोज होतात, टॉवेल कुठे वाळत घालायचा इथपासून होतात. पण ही हकीकत त्या भांडणांची नाही. माझ्या सुनेला एक काम मनापासून हवं होतं. ते अगदी हाताशी आलं होतं, आणि तिने आणि मी, दोघींनी मिळून, ते घालवलं. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

आधी ती कोण ते सांगते. वय बेचाळीस. चष्मा डोक्यावर ठेवायचा आणि घरभर शोधत फिरायचं, ही सवय. एका मोठ्या विमा कंपनीत प्रोग्राम लिहायचं काम. कंपनीचं ऑफिस लांबच्या शहरात आणि ही आमच्या मागच्या खोलीत. त्या खोलीत एक टेबल, दोन स्क्रीन, एक खुर्ची, कोपऱ्यात इस्त्री न केलेल्या कपड्यांचा ढीग, आणि खिडकीतून दिसते समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. नऊ वर्षं ती तिथे बसून एकच प्रोग्राम सांभाळत होती. कुणाच्या पॉलिसीची मुदत कधी संपते आणि त्याला पत्र कधी धाडायचं, हे तो प्रोग्राम ठरवतो. सुरुवातीला तो सारखा अडायचा. हिने एकेक करून त्याच्या सगळ्या खोडी मोडल्या. इतक्या मोडल्या की तो अडायचाच बंद झाला आणि हिला काम उरलं नाही. सकाळचे दोन तास काय ते काम, मग दिवसभर नुसती हजेरी.

तुम्ही म्हणाल, नशीब काढलं पोरीने. माझा मुलगाही तेच म्हणायचा. तो दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे घासून घासून संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या भुवयांवर पांढरी पूड असते. त्याला बायकोची नोकरी म्हणजे स्वर्ग वाटायचा. "घरबसल्या पगार, वर कुणाची कटकट नाही," असं म्हणून तो सुस्कारा सोडायचा.

पण हुशार माणूस रिकामं बसलं की घरातल्या बाकीच्यांच्या नाकी नऊ येतात, ते मला विचारा. तिने इमारतीच्या पंपाला असं काहीतरी बसवलं की टाकी भरली की तो आपोआप बंद व्हायचा. इथपर्यंत ठीक. सगळे तिला 'पंपवाली' म्हणायला लागले, तिलाही ते आवडलं. मग तिची नजर माझ्यावर पडली. माझ्या औषधांचा डबा बोलायला लागला. जेवणानंतर पाच मिनिटं झाली की कुणातरी परक्या बाईच्या गोड आवाजात, "गोळी घेतली का?" मी त्याला कपाटात कोंडलं तर तो आतून बोलायचा. फ्रिजला भाज्यांची यादी कळायला लागली. एकदा तर ती कपडे धुण्याच्या मशीनला समजुतीच्या सुरात काहीतरी सांगत होती, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या दिवशी मात्र मी भाजी निवडायला तिला समोर बसवलं आणि विचारलं, "तुला होतंय तरी काय?"

तिने शेंगा सोलता सोलता सांगितलं. "आई, नऊ वर्षांत मला कुणी चूक म्हटलेलं नाही."

"मी रोज म्हणते."

"तसं नाही हो. कामात. मी जे लिहिते ते कुणी वाचतच नाही. चाललं म्हणजे बरोबर. मला असं काहीतरी करायचंय जे मला एकटीला येणार नाही. चार डोकी लागतील असं. आणि ज्याचा कुणाला तरी उपयोग होईल."

मला ते आतून कळलं. मी एकतीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासली. पाठ्यपुस्तकं, कोर्टाचे निकाल, औषधांची माहितीपत्रकं, काय वाटेल ते. आमचा तिथला नियम असा की प्रूफ एकट्याने तपासायचं नाही. एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसरीने छापलेल्यावर बोट ठेवून बघायचं. स्वल्पविराम, कंस, नवा परिच्छेद, सगळं मोठ्याने. तासाने जागा बदलायच्या. माझी जोडीदारीण होती ती भयंकर खवट बाई. एकतीसपैकी बावीस वर्षं आम्ही कोपराला कोपर लावून बसलो आणि सिनेमाला एकदाही बरोबर गेलो नाही. निवृत्त झाल्यावर मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर ते वाचणं. पगार नाही, माणसंही नाहीत, ते वाचणं. हे मी सुनेला सांगितलं नाही. शेंगा संपल्या, ती उठून गेली.

पुढे मग वरच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात पडले. हिने अँब्युलन्सला फोन केला. खाली दुकान आहे, त्या दुकानदारानेही केला. दहा मिनिटांत दोन अँब्युलन्स हजर. मास्तरांचा पाय मुरगळला होता, एवढंच. दुसऱ्या गाडीचा माणूस चिडून बोलला, "रोजचं आहे हे. माणूस एक आणि गाड्या दोन. आणि तिकडे कोणीतरी वाट बघत पडलंय." गाड्या गेल्या, मास्तर घरात जाऊन चहा प्यायले, आणि माझी सून तशीच जिन्यात उभी.

दोन दिवसांत तिने शोधून काढलं की कुठली गाडी कुठे पाठवायची हे ठरवणारा प्रोग्राम सात माणसांची एक छोटी संस्था लिहिते. टायरच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. तिने त्यांना पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. नोकरीच्या अर्जासारखं काही नव्हतंच त्यात. एकाच अपघाताचे दोन फोन आले तर ते ओळखायचे कसे, यावर तीन पानं, आणि शेवटी, मला तुमच्याबरोबर यावर काम करायला मिळेल का. मी म्हटलं, "इतकं आर्जव बरं दिसत नाही." ती म्हणाली, "असू दे."

त्यांचं उत्तर आलं. मुलाखत वगैरे आम्ही घेत नाही, म्हणाले. शुक्रवारी आणि सोमवारी येऊन आमच्याबरोबर बसा, मग बघू. मुलाने कपाळाला हात लावला. "पगार कमी, रोज जाणं-येणं, कशाला सुखातला जीव दुःखात घालतेस?" मी बोलले, "तू तुझे दात बघ." शुक्रवारी विम्याच्या कामाला रजा टाकून सकाळी साडेआठला ती बाहेर पडली. नऊ वर्षांनी तिला कामासाठी चप्पल सोडून बूट घालताना मी बघितलं.

संध्याकाळी आली ती जेवायलाही बसेना. उभ्या उभ्या बोलत होती. तिथे एक लांबलचक टेबल आहे. दोघं दोघं एका स्क्रीनपुढे बसतात. तिची जोडी लावली एका गृहस्थांबरोबर. वीस वर्षं त्यांनी अँब्युलन्स चालवली, पाठ गेली म्हणून आता इथे. त्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही, पण लिहिणाऱ्याला ते हलू देत नाहीत. सगळे त्यांना सारथी म्हणतात.

"मग किती काम झालं?" मी विचारलं.

"बारा ओळी."

"दिवसभरात? आमच्याकडे असतं तर घरी पाठवलं असतं."

"तेच ना. खूप बोलतात हो ते. एकेक ओळीला थांबवतात. आणि असं झालं तर? तसं झालं तर? मला पुढचं सगळं दिसत होतं आई. सगळं. नुसतं लिहायचं बाकी होतं."

चेहरा असा खुलला होता की मला तिच्या लग्नातली ती आठवली. पण तिच्या बोटांना चैन नव्हतं. टेबलावर टकटक चालू होती. ती टकटक मी ऐकली आणि तिचा अर्थ मला लागला नाही. लागायला हवा होता.

शनिवारी सकाळी चहा झाल्याबरोबर ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुपारी जेवण आत. मी चहा नेऊन दिला, एकदा नाही, चारदा. मुलगा टीव्ही लावायला गेला तर मी त्याला डोळे वटारले. तिच्या वाटणीची धुणीभांडी मी केली, तीही न कुरकुरता, यावरून काय ते समजा. रविवारी संध्याकाळी ती बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. "झालं," म्हणाली. "सगळं. चारशे वीस ओळी. त्यांनी दिलेल्या दहा हजार जुन्या फोनच्या नोंदी घालून तपासलं, चालतंय." मी तिच्या पाठीवर थाप मारली. "उद्या दाखव त्यांना," म्हटलं. बारा ओळींवाल्यांना एकदाचं कळू दे आमची सून काय चीज आहे ते, असं माझ्या मनात होतं. सोमवारी मी तिला दारापर्यंत सोडायला गेले.

ती दुपारी साडेबारालाच परत आली. बूट काढून सरळ रेषेत ठेवले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मी गॅस बंद केला.

तिने सांगितलं ते असं. सगळ्यांनी तिचं काम बघितलं. मग सारथींनी विचारलं, "छान आहे. पण उड्डाणपुलाचं काय?"

ती म्हणाली, "कसलं काय?"

ते म्हणाले, "वर अपघात झाला आणि त्याच वेळी पुलाखाली दुसरा झाला, तर नकाशावर दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात. तुमचा प्रोग्राम म्हणणार, हा एकच अपघात. एकच गाडी जाणार. पूर्वी तसं एकदा झालंय. मी वर गेलो होतो. खाली कोणी आहे हे आम्हाला पाऊण तासाने कळलं." आणि मग अगदी साधेपणाने म्हणाले, "आज तेच सांगणार होतो तुम्हाला."

तिथल्या प्रमुख बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काम उत्तम आहे, तुमच्याइतकं चांगलं आमच्यात कुणाला येत नाही. पण काम करून आणून देणारं माणूस आम्हाला नको होतं. दोन दिवसांत आमच्यातल्या एकालाही फोन करावासा वाटला नाही तुम्हाला?" नाही म्हणाल्या. हात मिळवला, जिन्यापर्यंत आल्या, आणि नाही म्हणाल्या.

"मला तेच तर हवं होतं आई," सून म्हणाली. "आणि समोर आलं तर मी एकटीच पळत सुटले. मला दुसरं काही येतच नाही आता." आणि रडली. स्टुलावर बसून, नाक पुसायला काही नाही म्हणून माझ्या पदराला. मला शरम वाटत होती. एकट्याने तपासायचं नाही हा नियम ज्या बाईने एकतीस वर्षं पाळला, त्या बाईने दोन दिवस दाराबाहेर उभं राहून चहा पुरवला. एकदाही विचारलं नाही की अगं, तुझा जोडीदार कुठाय? बावीस वर्षं जिच्याबरोबर बसले ती खवट बाई तिथे असती तर तिने मला फाडून खाल्लं असतं.

रात्री मुलाला कळलं. मला वाटलं तो म्हणणार, बघ, मी सांगत होतो. तसं तो बोलला नाही. ताटात बोट फिरवत म्हणाला, "मी कवळी बनवून पाठवतो ना, ती पहिल्यांदाच नीट बसली असं वीस वर्षांत झालेलं नाही. इथे टोचते, तिथे उंच झालीय, असं करत डॉक्टर तीनदा परत पाठवतात. तू त्यांना एकदा चावून बघूच दिलं नाहीस." माझ्या मुलाला इतकं शहाण्यासारखं बोलताना मी फार दिवसांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिची विम्याची कामं उरकल्यावर मी स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलून मागच्या खोलीत नेली आणि तिच्या शेजारी ठेवून बसले.

"ते चारशे वीस ओळींचं कागदावर काढ," म्हटलं. "आणि वाच."

"तुम्हाला कळणार नाही हो."

"मला रसायनशास्त्रही कळत नव्हतं. त्याची पुस्तकं मी तपासून छापायला सोडली आहेत. वाच."

ती वैतागली होती. मुद्दाम भरभर वाचायला लागली. मी थांबवलं. आमच्या पद्धतीने, हळू, कंस सुरू, कंस बंद, सगळं. आणि प्रत्येक ओळीनंतर मी विचारायचं, म्हणजे काय? पहिल्या दिवशी आमच्या वीस ओळी झाल्या आणि दोनदा कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली की मी मुद्दाम छळतेय. मी म्हटलं, हो. तिसऱ्या दिवशी एका ओळीपाशी तिचा आवाज अडखळला. पुन्हा वाचली. मग चष्मा डोक्यावर नेऊन म्हणाली, "हे मी असं का केलं, मला सांगता येत नाहीये."

"मग खूण कर."

"थांबा, दोन मिनिटांत दुरुस्त करते."

"दुरुस्त नाही. खूण." मी पेन्सिल पुढे केली. तिने असं तोंड केलं की जणू मी तिला कडू औषध पाजतेय. पण खूण केली.

असे आमचे दहा-बारा दिवस गेले. रोज अकरा ते एक. मी आंघोळ लवकर उरकायला लागले. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. एकदा शेजारीण गप्पा मारायला आली तर मी तिला दारातूनच सांगितलं की मला काम आहे, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मलाच हसू आलं. कधी मी वाचायची, कधी ती. मी वाचताना चुकले की ती मला टोकायची, आणि माझा पारा चढायचा, आणि मग दोघी हसायचो. शेवटी कागदांवर तेरा खुणा झाल्या. बारांची उत्तरं बोलता बोलता तिची तिलाच सापडली. तेरावी खूण पुलाची. ती काही सुटेना.

"वर आणि खाली," ती सारखी म्हणायची. "ठिकाण तेच. वेळ तीच. फोन करणाऱ्याला नेमकं काय विचारलं म्हणजे कळेल?"

"बघून येऊ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने विम्याचं काम आटोपल्यावर आम्ही दोघी बसने उड्डाणपुलापाशी गेलो. पूल सगळ्यांनीच बघितलेला असतो, पण बघायला म्हणून कुणी जात नाही. पुलावर कडेने पायवाट आहे, त्या वाटेने मी वर गेले. गुडघे कुरकुरले, पण गेले. ती खाली उभी राहिली. मग आम्ही एकमेकींना फोन लावले.

"आई, काय दिसतंय?"

"गाड्या. दिव्यांचे खांब. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्या, एका खिडकीत गादी वाळत घातलीय. तुला?"

"गाड्या. टपऱ्या. पुलाचे खांब. अंधार आहे इथे जरासा. आणि नकाशावर आपण दोघी एकाच ठिपक्यात आहोत."

ठिपका बघायला माझ्याकडे तिच्यासारखा फोन नव्हता, पण तिचं म्हणणं मला पटलं. माझ्यापासून जेमतेम तीस फुटांवर ती होती आणि मला तिचं नखसुद्धा दिसत नव्हतं. मी वाकून बघायला गेले तर फोनमधून ओरडली, "वाकू नका." मी खाली उतरले. तिच्याजवळ पोचल्यावर मला ते दिसलं. प्रूफं तपासणाऱ्याच्या डोळ्याला आकडे आधी दिसतात, त्याला इलाज नाही. पुलाच्या प्रत्येक खांबावर माणसाच्या उंचीला काळ्या रंगात आकडा घातलेला होता. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. वर असले आकडे कुठेच नव्हते.

"खांबाचा आकडा दिसतोय का, एवढंच विचारायचं फोन करणाऱ्याला," मी म्हटलं. "दिसतोय तर तो खाली आहे."

ती खांबाकडे बघत राहिली. मग तिचे डोळे चमकले आणि बोटं हलायला लागली. मी बघितलं. पिशवी खांद्यावर टाकून ती बसथांब्याकडे वळली. "घरी जाऊन पटकन लिहिते. संध्याकाळपर्यंत होईल. उद्या त्यांना पाठवून देते, घ्या नाहीतर नका घेऊ."

मी तिचं कोपर धरलं. घट्ट धरलं, दुखलं असेल.

"घरी नाही जायचं," मी म्हटलं. "टायरच्या दुकानावर जायचं. आत्ता. लिहायचं काही नाही."

"असं कसं जाऊ? त्यांनी नाही म्हटलंय मला. हातात दाखवायला काही नको?"

"नको. गेल्या वेळी पुष्कळ होतं."

ती तिथेच उभी राहिली. इतका मोठा वाद मी तिच्याशी आजवर घातला नव्हता, आणि या वादात आम्ही दोघीही गप्प होतो. ती घाबरली होती. माझी सून, जी दहा हजार फोन एका दुपारी तपासते, ती चार माणसांपुढे जाऊन 'मला हे येत नाहीये' म्हणायला घाबरली होती. मी तिला समजून घेत होते, तरी कोपर सोडलं नाही. शेवटी तिने विचारलं, "काय म्हणू?"

"म्हण, पुलाचं काय ते मला सुटत नाही. एक खांबाचा आकडा सापडलाय, तो चालेल का माहीत नाही. बसू का थोडा वेळ?"

ती मनातल्या मनात दोनदा पुटपुटली. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या बसमध्ये चढली. मी एकटी घरी आले.

एक वाजला, दोन वाजले. मी जेवले नाही. कशात लक्ष लागेना. कपाटातला डबा बोलला, "गोळी घेतली का?" मी त्याला म्हटलं, गप बस. माझा जीव टांगणीला लागला होता. पुन्हा नाही म्हणाले तर? तिला मीच पाठवलं. त्या सोमवारचा घाव अजून ओला होता आणि त्यावर मीच तिला पुन्हा तिथे ढकललं. घरी येऊन लिहिलं असतं तर निदान घरी तरी असती.

सव्वाचारला फोन वाजला.

"आई, आकडा नाही चालणार."

"का?"

"सारथी म्हणतात, अर्ध्या खांबांवर जाहिराती चिकटवल्यात. आणि घाबरलेला माणूस आकडा शोधत बसत नाही, त्याला स्वतःचा पत्ता धड सांगता येत नाही." तिच्या मागे बरीच माणसं एकाच वेळी बोलत होती, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मग प्रमुख बाई म्हणाल्या, आवाजावरून कळेल का, पुलाखाली आवाज घुमतो. ते मी खोडून काढलं. मग मी म्हटलं की, एक मिनिट हं आई." आणि फोन तसाच हातात धरून ती कुणाला तरी म्हणाली, "नाही, नाही, ते नाही चालणार, सारथी, तुम्हीच म्हणालात ना मघाशी." मग पुन्हा माझ्याकडे, "हं, बोला."

"बोला काय? तू बोल. तुला घेतलं का कामावर?"

"अरे देवा. ते विचारायचं राहिलंच."

"मग विचार."

फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज झाला. तिने काय विचारलं ते ऐकू आलं नाही. पण एका बाईचं हसणं ऐकू आलं, आणि मागून वयस्कर, खरखरीत आवाजात कोणीतरी म्हणालं, "आता उठून गेल्या तर मी यांच्या घरी येऊन बसेन."

"आई," ती म्हणाली. "मला उशीर होईल यायला."

"काम झालं की ये सावकाश."

"काम आज नाही व्हायचं. उद्यापण नाही बहुतेक." तिचा आवाज इतका हलका होता की क्षणभर मला ओळखूच आला नाही. "अजून काहीच झालं नाहीये, आई."

मी फोन ठेवला आणि जेवायला घेतलं. चार घास खाल्ले तेव्हा लक्षात आलं की भाजीत मीठ घालायचं राहून गेलंय, तरी खाल्ली. मग मागच्या खोलीत जाऊन तिच्या टेबलाजवळ बसले. तेरा खुणांचे कागद तिथेच पडले होते, ते नीट लावून ठेवले. खूप बरं वाटत होतं. तिच्यासाठी इतका आनंद मला पूर्वी झाल्याचं आठवत नाही. आणि खोटं कशाला बोलू, तिचा हेवाही वाटत होता. पंधरा दिवस मीही कामावर होते, आणि त्या दुपारी मी दुसऱ्यांदा निवृत्त झाले.